पाचव्या डोक्याचा आवाज

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जातो. सर्किट डिझाइन करणारा माणूस मी... कसला आवाज आला तर आधी लूज वायर शोधणार. हे आत्ताच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला बुवाबाबांचे पत्ते पाठवायला नको.

गोष्ट २००३च्या आसपासची. वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा होता, राहायला तिथल्याच एव्हरशाईन सिटीत. मॉलच्या गेम झोनसाठी मशिन्स बनवायचो — खेळा, तिकिटं जिंका, ती देऊन टेडी घ्या, त्यातली. तेव्हा हातोड्याचं मशीन चाललं होतं. पाच भोकांतून राक्षसाची पाच डोकी वर येणार, आपण रबरी हातोडा हाणायचा. फायबरची डोकी मोरेश्वरने बनवली होती. खाडीकाठच्या गावातला, शेती सांभाळून माझ्याकडे मोल्डिंग करणारा, एकदम शांत माणूस. डोक्यांतून निघणारी "आय गो!" ही किंकाळीही त्याचीच, मीच चिपवर रेकॉर्ड केलेली.

डेमोच्या आदल्या दिवशी तो आलाच नाही. रंग अर्धवट, मी जाम भडकलेला. सकाळी अकराला टेस्टिंगला उभा राहिलो. चार डोकी नीट ओरडली. पाचव्यावर हातोडा पडला आणि आतून आलं, "पानी..."

परत मारला. "पानी... पानी..."

मी मूळचा साताऱ्याचा. ‘पानी’ ऐकलं की हिंदी, विषय संपला. वेल्डर रामाशिष नालासोपाऱ्याहून यायचा. त्यानेच चिपशी मस्ती केली असं धरून मी त्याच्या कानाखाली वाजवली.

"साहब, हम तो चिप को हाथ भी नहीं लगाए!" तो गाल धरून म्हणाला.

मशीनचं चालूच — "पानी..." मग मी ते डोकं ठोकतच सुटलो. गप्प बस, गप्प बस म्हणत. फायबर तडकलं, कपाळाचा तुकडा उडाला, तरी थांबलो नाही. शेवटी आवाज बंद झाला. मला बरं वाटलं... हे लिहायला लाज वाटते.

तीनला फोन आला. बांधाच्या भांडणात चुलतभावांनी मोरेश्वरच्या डोक्यात फावड्याचे दांडे घातले होते, सकाळीच. मी हॉस्पिटलला पोचलो तोवर तो गेला होता. त्याची बायको सुनंदा भिंतीला टेकून बसली होती.

"मी शेतावर पोचली तेव्हा जित्ता होता," ती म्हणाली. "पानी पानी करत होता."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्यांच्या गावात पाण्याला पानीच म्हणतात. तीन वर्षं हा माणूस माझ्यासमोर "पानी पिऊन येतो" म्हणून उठायचा, आणि मी कधी कानच दिला नव्हता. त्याचं शेत गाळ्यापासून स्कूटरने पंधरा मिनिटं.

सुनंदा माझ्याकडे बघत होती. "आनि ‘साहेब, बस करा, मारू नका’ असा बोलत होता. साहेब तर तो तुमालाच बोलायचा. तुमी होते काय तिथं?"

चुलतभावांनी नंतर गुन्हा कबूल केला. चिप मी कितीदा तरी वाजवून पाहिली, त्यात फक्त "आय गो". रामाशिष त्याच दिवशी काम सोडून गेला, त्याची माफी मागायची राहिलीच. या सगळ्याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

सुनंदाला मात्र मी तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं. "नाही वहिनी, मी गाळ्यात होतो. मशीन टेस्ट करत होतो."

खोटं काहीच नव्हतं त्यात.