मॅनेजर लिहा, मॅडम

‘ते केअरगिवर काढा आन् मॅनेजर लिहा, मॅडम,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘पोस्ट मोठी नसंल तर माणसाला कोण इचारतंय?’

भाऊसाहेब युसूफ वडगावचे माजी सरपंच. त्यांची मुलगी प्रतीक्षा अंबाजोगाईला माझ्या जपानी भाषेच्या क्लासला यायची. दुसऱ्या दिवशी तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, जपानमधल्या एका वृद्धाश्रमाबरोबर. मुलांचे बायोडाटा मी जपानीत करते आणि इंटरव्ह्यूला दुभाषी म्हणून बसते. कुणाच्या कामाला कोणता जपानी शब्द लावायचा, हे ठरवणं माझ्याकडे.

ऐकायला सोपं वाटतं. हॉटेलात वाढणारा वेगळा, स्वयंपाक करणारा वेगळा, काउंटरवर खोल्यांच्या किल्ल्या देणारा वेगळा. प्रत्येकाला तिकडे स्वतंत्र शब्द आहे आणि एकाचा शब्द दुसऱ्याला चालत नाही. घाटनांदूरच्या एका मुलाने ढाब्यावर तंदूर सांभाळला होता. घरच्यांचा आग्रह एकच, ‘हॉटेल मालक’ लिहा. लिहिलं असतं तर तिकडच्यांनी विचारलं असतं, मालक स्वतःचं हॉटेल सोडून आमच्याकडे रोट्या भाजायला कशाला येतोय?

‘बरं, नर्स तरी लिहा,’ भाऊसाहेब एक पायरी खाली उतरले.

‘नर्स म्हणजे कांगोशी. त्याला तिथली परीक्षा आणि लायसन्स लागतं. खोटं लिहिलं तर पहिल्याच प्रश्नाला घरी. प्रतीक्षाचं काम कायगो. म्हाताऱ्या माणसांना भरवायचं, आंघोळ घालायची, कूस बदलायची, डायपर बदलायचे.’

शेवटचं ऐकताच भाऊसाहेबांनी दाराकडे बघितलं. ‘हळू बोला. गावात नाव हाय आपलं.’

‘गावात जपानी कुणाला कळतंय?’ मी म्हणाले, आणि कायगो लिहिलं. प्रतीक्षा खाली मान घालून हसली. वर्षभर रात्रंदिवस घोकून तिने जपानी भाषेची परीक्षा काढली होती. ही नोकरी हुकली तर घरात तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होणार होती. तसं तिच्या आईने मला आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत आले. बरोबर पाच-सहा कार्यकर्ते, हार, फेटे आणि पेढे. इंटरव्ह्यू अजून व्हायचा होता. पण आमच्याकडे सत्कार आधी ठरतो, त्याला कारण मागाहून मिळतं. मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. मधलं दार मात्र उघडंच राहिलं.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई वयस्कर होत्या, शांत बोलत होत्या. प्रतीक्षाने न अडखळता उत्तरं दिली. मी निर्धास्त झाले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘वडील आले असतील तर त्यांच्याशी बोलायचंय.’ घरचे नाराज असले की मुली काम अर्धवट टाकून परततात, म्हणून तिकडे हे विचारतातच.

भाऊसाहेब कॅमेऱ्यासमोर बसले. बाईंचा प्रश्न मी मराठीत सांगितला. ‘तुमची मुलगी परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालेल, त्यांची शी-शू काढेल. तुम्हाला चालेल का?’

बाहेरच्या खोलीतले कार्यकर्ते आत डोकावू लागले. भाऊसाहेबांचं तोंड उतरलं. प्रतीक्षा स्क्रीनकडे बघत राहिली, वडिलांकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती. मला त्यांचा राग आला होता. एका शब्दाने ते पोरीचं वर्ष पाण्यात घालणार, असंच मला वाटलं.

‘ए, तुमी जरा च्या घिऊन या,’ ते बाहेर बघून म्हणाले.

‘झालाय की च्या, भाऊसाहेब.’

‘परत घ्या!’

सगळे गेले. भाऊसाहेबांनी उठून स्वतः दार लावलं आणि परत येऊन बसले.

‘त्यास्नी सांगा, चालतंय. माझी आई अंथरुणावर होती तवा समदं हिनंच केलं. हागणं-मुतणं, समदं. मी पोटचा पोरगा, पण वास येतो म्हणून त्या खोलीत जात न्हवतो.’

मी ते शब्दन्शब्द जपानीत सांगितलं. बाईंनी खाली वाकून नमस्कार केला. प्रतीक्षाची निवड त्यांनी तिथल्या तिथेच सांगितली.

भाऊसाहेबांनी डोळे पुसले, दार उघडलं आणि पुन्हा पुढारी झाले. ‘झालं सिलेक्शन!’

‘कोणत्या पोस्टवर?’ चहाहून परतलेल्या एका कार्यकर्त्याने विचारलं.

भाऊसाहेब पेढ्यांचा पुडा सोडायला लागले. उत्तर प्रतीक्षाने दिलं, ‘कायगो.’

‘लई भारी!’ म्हणत त्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. अर्थ कुणीही विचारला नाही.

चार दिवसांत युसूफ वडगावच्या चौकात फ्लेक्स लागला. ‘जपान येथे कायगो पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ प्रतीक्षाचा फोटो लहान, भाऊसाहेबांचा मोठा.

तो बघून पालीहून आलेल्या त्यांच्या एका पाहुण्याने मला फोन केला. ‘नर्सबिर्स नगं. आमच्या पोरीला डायरेक कायगो करा.’

मी त्यांना डायपरसकट सगळं काम समजावून सांगितलं.

‘मंग भाऊसाहेबांनी कावून पाठवलं पोरीला?’

‘ते त्यांनाच विचारा.’

त्यांनी विचारलं असावं. पुढच्या आठवड्यात पाहुणे मुलीला घेऊन क्लासला आले. भाऊसाहेबांनी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. शब्द मी शोधून देते. त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या घरी लागतो, आणि तिथे दुभाषी लागत नाही.