सवत गोठ्यातली, शेळी दारातली

रंगभूमीवर मी जळफळणाऱ्या बायका पुष्कळ रंगवल्या. नाकपुड्या फुलवायच्या, ओठ दाताखाली धरायचा, प्रेक्षकांकडे पाठ करून एक लांब श्वास सोडायचा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायचं, बाई पेटली. टाळ्याही पडायच्या. पण खरा मत्सर पाहिला तो म्हातारपणी, धाकट्या भावाच्या घरी राहायला आल्यावर. त्यात यातलं काहीच नव्हतं. माझी भावजय स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून एकच कोरडं ताट पुसत होती, आणि पुसता पुसता मोजत होती.

“वीस मिनिटं झाली, वन्सं. दूध काढायला दहा पुरतात. बाकीची दहा कशाला लागतात, ते तुम्ही सांगा.”

खिडकीतून गोठा दिसायचा. पत्र्याचं छप्पर, धुतलेली फरशी, सहा गाई. भाऊ दूधवाला. पाच गाईंशी तो कामापुरतं बोले. सहावीशी, पोवळीशी, गप्पा मारे. पोवळी तांबूस रंगाची, लांब पापण्यांची. तसल्या पापण्या डोळ्यांना चिकटवायला आम्ही नटमंडळी आरशासमोर अर्धा तास घालवायचो, हिला जन्मतःच मिळाल्या होत्या. भाऊ तिच्या गळ्याखाली खाजवत विचारायचा, “काय गं, रुसलीस?” हे वाक्य बायकोच्या वाट्याला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. बायको रुसत नव्हती अशातला भाग नाही.

गल्लीत भावजयीला सगळे ‘हजेरीबाई’ म्हणत. नवरा कुठं गेला, कधी आला, कुठं रेंगाळला, सगळं तिला तोंडपाठ. जीभ काटेरी, हात मात्र सढळ. मी आले त्या दिवशी स्वतःची मऊ उशी तिनं माझ्या खोलीत आणून ठेवली. मी नको म्हणाले, तर म्हणते, “घ्या हो. मला लागली तर गोठ्यातून मागून आणीन. तिथं लाड पुष्कळ होतात.”

पोवळी व्यायली त्या दिवशी वासरू आडवं आलं होतं. भावानं सदरा काढला, कोपरापर्यंत हात घालून वासरू वळवलं आणि ओढून काढलं. सकाळचं जेवण संध्याकाळपर्यंत ताटात गार पडलं. तो घरात आला तो हसतच. “बघ, आमची पोवळी कशी खंबीर!”

‘आमची’ हा एक शब्द भावजयीच्या जिव्हारी लागला. तिनं ताटावरचं झाकण काढलं, परत ठेवलं, परत काढलं.

आठवड्याच्या आत तिनं बाजारातून एक गाभण शेळी आणली. काळी, किडकिडीत, एका कानाला चीर. तिचं नाव ठेवलं ठकी.

“ही कशाला?” भावानं विचारलं.

“मलाही कुणी बोलायला नको?”

ठकी गोठ्यात गेली नाही. मागच्या दाराशी, पायरीजवळ, तिची वेगळी मेख. पुढच्या महिन्यात तिला दूध आलं. पिल्लू कुठं आहे, असं भावानं एकदा विचारलं. “दिलं बाजारात,” भावजय म्हणाली. त्यानं मान हलवली आणि पोवळीचं वासरू पाहायला निघून गेला.

त्या दिवसापासून रोज सकाळी एक नवा प्रवेश सुरू झाला. भावजय ठकीची धार थेट पितळी पेल्यात काढायची. फेस मोडायच्या आत पेला नवऱ्याच्या हातात, आणि तो संपेपर्यंत ती समोर उभी. मला एकदा आग्रह झाला, पण मला दूध पचत नाही. तिनं स्वतःही कधी घोटभर घेतलं नाही.

“तिच्या दुधाला गावभर गिऱ्हाइकं,” ती मला म्हणाली. “माझ्या दुधाला एकच. पण बघा कसं ओठ चाटतंय.”

भाऊ पिताना डोळे मिटून घ्यायचा. तिला तेवढंच पुरे होतं. पेला घेऊन आत येताना ती खिडकीतून गोठ्याकडे अशी काही नजर टाकायची, की पोवळीनं खरं तर खाली मान घालायला हवी होती. पोवळी रवंथ करत राहायची.

दोनेक महिन्यांनी भावाला ताप यायला लागला. साधा नव्हे. सकाळी माणूस ठीक, संध्याकाळ झाली की अंग तापायचं, मग घाम असा की सदरा पिळून घ्यावा. चार दिवस बरा, परत आठवडाभर तेच. कंबर धरली. बादली उचलताना तोंडातून ‘आई गं’ निघायला लागलं. गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात दोनदा गोळ्या झाल्या, गुण आला नाही. शेवटी मोठ्या रुग्णालयात गेलो, आम्ही तिघं.

तिथली डॉक्टरीण तरुण, पण घाई न करणारी. तिनं आधी विचारलं, “काम काय करता?”

“दूधवाला आहे.”

“कच्चं दूध पिता का? न उकळलेलं?”

“छे!” भाऊ ताठ बसला. “गिऱ्हाइकांना मीच दारोदार सांगतो, दूध चांगलं उकळून घ्या. मी कसा पिईन?”

पेल्याची गोष्ट तिनंच सांगावी म्हणून मी भावजयीकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कारण डॉक्टरिणीचा पुढचा प्रश्न होता, “जनावर विताना हात लावता?”

मग काय, बाईंचं स्वगत सुरू झालं. पोवळी कोणत्या वारी व्यायली, कळा कधी सुरू झाल्या, यांनी हात कुठवर घातला, साबण लावला की नाही, नंतर वासराच्या कपाळाचा मुका कितीदा घेतला. प्रॉम्प्टर लागला नाही. डॉक्टरीण लिहीत होती, भाऊ खुर्चीत आक्रसत होता.

“मुका एकदाच घेतला,” तो पुटपुटला.

“दोनदा. दुसऱ्यांदा मी दाराआड होते.”

रक्त तपासलं. रोग निघाला तो जनावराकडून माणसाला होणारा. डॉक्टरिणीनं समजावून सांगितलं: जनावर वरून धडधाकट दिसतं, पण त्याच्या दुधात, विताना पडणाऱ्या वारेत, पडलेल्या गर्भात जंतू असतात. हाताच्या बारीक जखमेतून शिरतात, कच्च्या दुधातून पोटात जातात. उकळलं की मरतात. सहा आठवडे दोन तऱ्हेची औषधं, एक दिवस चुकवायची नाहीत. आणि जनावर शोधून काढायचं.

“सापडलं तर त्याला घालवावं लागतं?” भावजयीनं विचारलं. आवाज मऊ होता, लोण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर आला. सहाही गाईंचं रक्त घेतलं. “कुणी गाभडलंय का? पिल्लू मेलेलं पडलंय का?” भाऊ नाही म्हणाला. डॉक्टरनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. “ती शेळी?”

“ती घरातली,” भावजय म्हणाली. “गोठ्यातल्यांशी तिचा संबंध नाही.”

निकालाला आठ दिवस होते. दोष पोवळीचाच असं धरून तेवढ्या दिवसांत तिनं पोवळीच्या जागेचं काय करायचं ते ठरवूनही टाकलं. तिथं कडब्याचं यंत्र ठेवू, म्हणाली. आणि नवऱ्याला ताकद यावी म्हणून सकाळचा एक पेला होता, त्याचे दोन केले.

नवव्या दिवशी डॉक्टर कागद घेऊन आला. सहाही गाई निर्दोष. पोवळीसुद्धा. भावानं खाटेवरूनच हात जोडले. भावजय पालथ्या बादलीवर बसली. आता खरंच खाली बघायची पाळी आली होती, आणि ती पोवळीची नव्हती. तिच्या हातात दुसरा पेला होता, भरलेला, फेसासकट. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि तो मोरीत ओतला.

डॉक्टर हातपाय धुवायला नळावर गेला. ती माझ्या खोलीच्या दाराशी आली.

“वन्सं, चूक कबूल करायचा प्रवेश केलाय कधी?”

“किती तरी वेळा. शेवटच्या अंकात असतो.”

“कसा करतात?”

“मोठ्यानं बोलायचं. पुटपुटलं, तर परत करावा लागतो.”

ती अंगणात गेली आणि मोठ्यानंच बोलली. “डॉक्टरसाहेब, एक जनावर राहिलं.” मग सगळं सांगितलं. ठकीचं पिल्लू दिवस भरायच्या आधी मेलेलं पडलं होतं. तिनं ते हातांनी उचललं, परड्यात खड्डा खणून पुरलं, आणि कुणाला सांगितलं नाही. “त्यांच्या पोवळीला कसं गुटगुटीत वासरू झालं! आणि माझ्या शेळीला...” तिचा आवाज तुटला, तिनं तो परत धरला. “पिल्लू गेलं, तरी दूध आलं. रोज यांना पाजलं, कच्चं. यांना मी आजारी पाडलं.”

भाऊ भिंतीला धरून दारात आला होता. मला वाटलं, आता भडका उडणार.

“तू एकटीनं नाही,” तो म्हणाला. “डॉक्टरीणबाईंना खोटं मी बोललो. गावाला उकळा-उकळा सांगणारा मी, मीच कच्चं पितो म्हणून कसं सांगणार?”

“पण नको म्हणायचं तरी! तुम्हाला कळत होतं ना?”

“कळत होतं. पण पेला संपेपर्यंत तू समोर उभी राहायचीस. दिवसभरात तेवढाच वेळ तू भांडायची नाहीस.”

डॉक्टरनं खाकरून ठकीचा पाय धरला. तिचं रक्त तपासलं, आणि तिच्यातच रोग निघाला. तिला नेलं तेव्हा गाडीपर्यंतचं दावं भावजयीनं दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही. परत आली ती चुन्याची पोती घेऊन, डॉक्टरनं सांगितलेली. जंतू मरावेत म्हणून पायरीपासून परड्यातल्या खड्ड्यापर्यंत तिनं एकटीनं चुना टाकला.

डॉक्टरिणीनं भावजयीचंही रक्त मागवलं. मेलेलं पिल्लू उघड्या हातांनी उचललेलं, रोजची धार काढलेली. आम्ही निकालाला गेलो तेव्हा भावाचा चेहरा कागदासारखा पांढरा होता.

“तुम्हालाही लागण आहे,” डॉक्टरीण म्हणाली. “वेळेवर कळलं. यांच्यासारखीच औषधं, सहा आठवडे.”

भावजयीनं विचारलं, “अगदी यांचाच रोग?”

“हो, तोच.”

“आणि पोवळीला नाही?”

“नाही. तिला काहीच नाही.”

रंगभूमीवर मी विजयाची हास्यं पुष्कळ केली. पण पदर सावरता सावरता, लागण झालेल्या त्या बाईच्या ओठांच्या कडेला जे उमटलं, ते मला कधी साधलं नसतं. तिनं नवऱ्याच्या हातातला औषधाचा कागद काढून घेतला, स्वतःच्या कागदावर ठेवला, आणि दोन्ही मिळून एकच घडी घातली.