रिकाम्या पिंजऱ्याचा सत्कार

"आमचा शोधनिबंध छापून आला," एवढंच मी आबांना फोनवर सांगितलं होतं. आत काय आहे ते त्यांनी विचारलंच नाही. काही सापडलं नाही हे कोण कशाला छापेल, असा माझ्या वडिलांचा साधा हिशेब. सुट्टीला पिंपळवंडीत उतरले तर स्टँडवर हा भलामोठा फ्लेक्स: गावच्या लेकीने विश्वातलं डार्क मॅटर शोधून काढलं! माझा फोटो एवढुसा, शुभेच्छुकांचे मोठाले.

माझं डोकंच फिरलं. डोंगराच्या पोटात, खोल बोगद्यात, द्रवरूप वायूने भरलेली टाकी ठेवून आम्ही वर्षानुवर्षं वाट बघत होतो. डार्क मॅटरचा, म्हणजे त्या न दिसणाऱ्या पदार्थाचा, एखादा कण आत धडकला तर बारीकशी ठिणगी उडेल, ती टिपायची. ठिणग्या उडाल्या, पण सगळ्या दुसऱ्याच कशाच्या तरी. निबंधात छापलं होतं ते हेच.

"आबा, सापडलं नाही हो ते!"

"आता गप ऱ्हा. सांच्याला विहारासमोर सत्कार हाये, पावणं बोलावलेत. शाल घे नि खाली बस. बोलूच नगं."

चारचौघांत मान खाली जाईल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती. पोरीला इतकं शिकवून काय मिळवलंस, हे उभा जन्म ऐकलेला माणूस. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

पण माईक हातात आल्यावर गप्प बसणं मला कुठलं जमायला! "सापडलं नाही," मी सांगून टाकलं. पहिल्या रांगेत आबा स्वतःच्या चपलांकडे बघत बसलेले. मागून एक आजी ओरडल्या, "मंग एवढी वर्सं केलंस काय गं बये?" जो तो हसला.

मी बिबट्याचा आधार घेतला. उसातला बिबट्या दिसत नाही, पण कुत्रं नाहीसं होतं, ठसे उमटतात, म्हणून तो आहे हे आपण मानतो. तसंच वर आहे. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट समूह, इतक्या वेगाने फिरतात की नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर त्या एकत्र टिकल्याच नसत्या. न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. फरक एवढाच, की बिबट्याचं माप आपल्याला ठाऊक असतं, त्या मापाचा पिंजरा लावता येतो. इथे पिंजरा बिबट्याएवढा करायचा की मुंगीएवढा, हेच माहीत नाही. आमचा पिंजरा म्हणजे ती टाकी, तो रिकामा निघाला. म्हणजे त्या मापाचं ते नाही, इतकं कळलं. टाळ्या पडल्या, पण जेमतेम.

घरी जाताना मी आबांच्या मागे मोटारसायकलवर बसले. वस्तीच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली.

"पुन्ना लावनार पिंजरा?"

"लावणार. याहून मोठा. पण तो बांधायलाच लई वर्षं जातील."

"त्यात तरी घावंल?"

"सांगता येत नाही, आबा."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं होतं चिडतील, पण ते मनाशी काहीतरी मोजत होते. मग हळूच म्हणाले, "तवर मी आसंन का गं?"

भरल्या मांडवात खरं बोलताना घाबरले नव्हते, इथे घाबरले.

"असाल म्हणजे काय, असणारच!" मी ठणकावून सांगितलं.

पुरावा एकही नव्हता.