बाबांनी लावलेलं लग्न

परवा टीव्हीवर चार शहाणे तावातावानं सांगत होते, की दोन बायांचं किंवा दोन बाप्यांचं लग्न ना धर्मात बसतं, ना कायद्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच मी आमच्या ओसरीवर ऐकलंय, पंचाहत्तर सालाच्या आसपास, खुद्द माझ्या बाबांच्या तोंडून.

आखाडा बाळापूरच्या अलीकडं आमचं गाव. आमच्या बौद्ध वस्तीतली लग्नं बाबाच लावायचे. त्रिशरण-पंचशील, दोन हार, वरून फुलं, झालं लग्न. गावातले जमीनवाले हसायचे, "भटजी न्हाई, फेरे न्हाई, हे कसलं लग्न?" त्यात वस्तीतल्या एकानं बायको टाकली, अन् त्याचा वकील कोर्टात तेच बोलला, की सप्तपदीच झाली नाही, मग ही बायको कुठली? बाबा इस्त्रीचा सदरा घालून तिच्या बाजूनं साक्षीला गेले. "आमच्यात लग्न असंच होतं, साहेब. दोघं राजी असले की झालं," असं ठणकावून आले. आठ दिवस वस्तीत दुसरा विषय नव्हता. मला काय अभिमान वाटला होता, विचारू नका.

माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, नवऱ्यानं सोडलेली, आमच्या मागच्या खोलीत राहायची. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर तिला शेजारच्या गावची एक बाई भेटली, नवरा वारलेली. काम संपलं, पण ती बाई आत्याकडंच राहिली. मी तिला मावशी म्हणायचे. दोघी एका ताटात जेवायच्या, कडाकडा भांडायच्या, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढायच्या. अठरा वर्षांची होते मी, मला सगळं कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

मग मावशीच्या भावांनी तिच्यासाठी एक बिजवर पाहिला, तीन लेकरांचा बाप. बाजारच्या दिवशी न्यायला येतो, असा निरोप आला. निरोप आला त्याच दिवशी आत्या बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"दादा, आमचं दोघींचं लग्न लाव. मग तिला कुणी नेणार न्हाई."

बाबा आधी हसले, मग भडकले. "येडी झालीस का? धर्मात न्हाई, कायद्यात न्हाई. आधीच लोक आपल्या लग्नाला नावं ठेवतात. आता हे केलं तर तोंडात शेण घालतील."

"तुला नावं ठेवली तवा तू कोर्टात गेलास. आता काहून त्यांच्यावानीच बोलून राहिलास?"

बाबा नुसतेच ओरडले. आजही हे लिहिताना राग येतोय मला. जमीनवाल्यांपैकी कुणी असं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण बाबांनी?

मावशीला भाऊ घेऊन गेले. पंधरा दिवसांनी तिचं लग्न लावायलाही बाबाच गेले. त्या गावात लग्न लावणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणे! आत्या आणि मीही गेलो. मांडवात बाबांनी रीतीप्रमाणं विचारलं, "राजी हायेस का, बाई?"

"न्हाई," मावशी म्हणाली. हळूच म्हणाली, पण पुढं बसलेल्या बायांना ऐकू आलं. बाबांनाही आलं. "लाजून राहिली," असं म्हणून ते पुढचं म्हणायला लागले.

आत्या ताडकन उठली. "ती न्हाई म्हनली, दादा! समद्यांनी ऐकलंय!"

मावशीनं मान वर करून आत्याकडं पाहिलं. कुणी एकानं जरी आत्याच्या बाजूनं तोंड उघडलं असतं, तर ते लग्न तिथंच थांबलं असतं. मी आत्याच्या शेजारीच होते. मी तिच्या खांद्याला धरून तिला खाली ओढलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. लोक काय म्हणतील म्हणून! तेवढ्यात फुलं पडली, लग्न लागलं.

आत्या त्यानंतर एकवीस वर्षं जगली. माझ्या हातचं पाणी तिनं कधी घेतलं नाही. बराबर केलं तिनं.