नाकसाहेबांची मोहरी

साबणाच्या कारखान्यात त्यांना कुणी नावाने हाक मारतच नव्हतं. सगळे म्हणायचे नाकसाहेब. साहेब कसले, मळका कोट घालून कढयांमधून हिंडणारा साधा माणूस. पण साबण साच्यात ओतायच्या आधी ते कढईवर वाकून एकदा हुंगायचे आणि "लिंबू कमी पडलंय" म्हणायचे. मग नाही म्हणायची मालकाचीही छाती नव्हती.

घरी तर विचारूच नका. जिना चढता चढता सांगणार, आज कोबी आहे, शेजारच्या शिंपीकाकू येऊन गेल्यात आणि तू कुणावर तरी चिडलीयस. "चिडलेलं कसं कळलं हो?" असं बायकोने विचारलं की म्हणायचे, "कांदा करपलाय. तू खुशीत असलीस की करपत नाही." या बायकोला कारखान्यातली सगळी पोरं वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. लग्न झाल्यापासून वहिनींना नवऱ्यापासून एकही गोष्ट लपवता आली नव्हती. ही तक्रार त्या गावभर करत, आणि करताना तोंडभर हसत.

मग एका हिवाळ्याच्या तोंडाशी नाकसाहेबांना ताप आला. ताप गेला, पण जाताना घरातली सगळ्यात मोलाची चीज उचलून घेऊन गेला. अंथरुणातून उठून त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"अगं, नुसतं गरम पाणी दिलंस?"

वहिनींनी घोट घेऊन पाहिला. चहा रोजच्यासारखाच होता.

नाकाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वास परत येईल कदाचित, कदाचित नाही येणार, वाट बघा. कारखान्याने कळवलं, हिवाळा सरला की परीक्षा घेऊ. नाक चालत असेल तर कामावर या, नाहीतर आमचाही नाइलाज आहे. वाट बघता बघता नाकसाहेब वाळत चालले. ताटावर बसायचे ते बायकोला वाईट वाटू नये म्हणून. पाव चावताना म्हणायचे, पुठ्ठा आहे गं, पुठ्ठा. रात्रंदिवस शर्टाची बाही नाकाला लावून बसायचे. काय शोधत होते देव जाणे.

वहिनी दर हिवाळ्यात पावाला लावायला भरड मोहरी करायच्या. काळी आणि पिवळी मोहरी मीठ घातलेल्या पाण्यात भिजत टाकायची, दाणे टपोरे फुगले की अर्धे ठेचायचे, अर्धे तसेच ठेवायचे, मग सिरका ओतून बरणीत मुरू द्यायचं. एरवी त्या कोमट पाणी घ्यायच्या, म्हणजे मोहरी मवाळ होते. त्या वर्षी कसलं कोमट आणि कसलं काय! लक्षच ठिकाणावर नव्हतं. नळाचं बर्फासारखं पाणी ओतलं, काळी मोहरी दुप्पट पडली, आणि मुरायची वाट न बघता तीच ताटात वाढली.

नाकसाहेबांनी पावाचा घास घेतला, चावला, आणि ताडकन उठले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, चेहरा लालबुंद, हात नाकावर.

"आलं! अगं, आलं! नाक आलं माझं!"

वहिनी तशाच, ठेचलेल्या मोहरीच्या हातांनी, त्यांच्या गळ्यात पडल्या. दोघंही रडत होती, आणि भिंतीपलीकडून शिंपीकाकू विचारत होत्या, काय हो, कोण गेलं? कुणी गेलं नाही काकू, आलंय! संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला बातमी कळली.

त्या दिवसापासून घरात मोहरीचा कारखानाच निघाला. नाकसाहेब म्हणायचे, "आणखी तिखट कर. कालच्यापेक्षा आज जास्त जाणवलं." वहिनी काळी मोहरी वाढवत गेल्या. पाणी गारच घ्यायचं, ठेचल्यावर थोडं थांबून झणका पुरता चढू द्यायचा आणि मगच सिरका ओतायचा, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. डोळे चुरचुरत, बोटांची सालं निघत. पण समोर माणूस जेवत होता हो! दोन दोन पाव खात होता, दाढी करत होता, आंघोळीत गुणगुणत होता. बोटांच्या सालांचं काय घेऊन बसलात?

आनंदाच्या भरात वहिनी एकट्याच डॉक्टरीणबाईंचे आभार मानायला गेल्या. बरोबर एक छोटी बरणीही नेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, बरणी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मोहरीखेरीज दुसरं काही? फूल? तेल? करपलेलं काही?"

"नाही. पण मोहरी येते ना त्यांना."

"तो वास नव्हे. ती झोंब आहे. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं, म्हणून डोळ्यांना कांद्याचा वास येतो असं म्हणाल का? वास मेलेल्या नाकालाही मोहरी झोंबते. घरी सांगा त्यांना. आशेवर ठेवू नका."

वहिनी बरणी तिथेच विसरून परतल्या. घरी पोचेपर्यंत त्यांनी वाक्य जुळवलं होतं. दार उघडलं तर नाकसाहेब बूट पॉलिश करत बसलेले. कारखान्याचे बूट. म्हणाले, "परीक्षेला हेच घालतो. कसे चमकतायत बघ." वहिनी म्हणाल्या, छान. आणि आत जाऊन मोहरी भिजत घातली.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना बाईने! अहो, सांगणाऱ्याचं काय जातं? वहिनींनी रोज ठरवलं, आज सांगते, आणि रोज ते जेवायला बसले की ताटात आणखी मोहरी वाढली. डॉक्टरच चुकली असेल तर? एकदा त्यांनी मुद्दाम तव्यावर पावाचा तुकडा जाळला. नाकसाहेब हातभर अंतरावर पेपर वाचत होते. पाव काळा झाला, कोळसा झाला, आणि ते हसत हसत पेपरातला विनोद वाचून दाखवत होते. धूर डोळ्यांसमोर आला तेव्हा दचकून उठले.

"अगं, करपलं की! बघ, वासानेच उठलो मी."

वहिनी म्हणाल्या, "हो ना. मी बाई विसरलेच." लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं खोटं पचलं होतं. त्यांना तव्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

परीक्षेच्या सकाळी नाकसाहेबांनी नाक मोकळं व्हायला म्हणून चमचाभर मोहरी खाल्ली, डोळे पुसले आणि कोट घातला. दारात वहिनींनी त्यांची बाही धरली. "अहो, ऐका ना." ते वळले. इतका उजळलेला चेहरा त्यांनी कैक महिन्यांत पाहिला नव्हता. "काही नाही. जपून जा," असं म्हणून वहिनींनी बाही सोडली.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली ती फार सावकाश. नाकसाहेब आले, खुर्चीत बसले. बूट काढले नाहीत.

"बाटल्या मांडल्या होत्या. सगळ्यांची तोंडं मी ओळखतो, बाटल्यांतल्या एकीचीही ओळख पटेना. शेवटी म्हटलं, काहीतरी तर सांगावं. एका बाटलीला गुलाब म्हणालो." ते थांबले. "साधं पाणी होतं त्यात. फसतो का बघायला ठेवलेलं. कुणी हसलं नाही गं. हसले असते तर बरं झालं असतं. सगळी पोरं खाली बघत होती."

वहिनीही खाली बघत होत्या. तेवढ्यानेच घात झाला. नाकसाहेबांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. नाक गेलं होतं, डोळे शाबूत होते.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी गेले होते. अहो, तुम्ही जेवत होतात..."

"जेवत होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला तरी खरंच आनंद झालाय."

ते ओरडले नाहीत. वहिनींना अजून वाटतं, ओरडायला हवं होतं. ताट फेकायला हवं होतं. त्यांनी फक्त बूट काढले.

कारखान्यात आता दुसरा माणूस कढईवर वाकतो. नाकसाहेबांना गोदामात खोकी मोजायचं काम दिलंय. ते करतात, घरी येतात, पुढ्यात येईल ते गिळतात. त्यांना एकच भीती बसली आहे, आपल्या अंगाला घाण येत असेल आणि आपल्याला कळत नसेल. ज्याला सगळ्या जगाचा वास कळायचा, त्याला स्वतःचाच कळत नाही. दिवसातून तीनदा आंघोळ करतात. आणि रोज कामावर निघताना कोट हातात घेऊन शेजारचं दार वाजवतात.

"काकू, जरा बघता का? वास येतोय?"

शिंपीकाकू बिचाऱ्या कोट नाकाला लावतात, नाही म्हणतात, मग ते कोट घालतात.

एकदा वहिनी न राहवून दारातून म्हणाल्या, "अहो, मी सांगते ना. नाही येत वास. शपथ."

नाकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाचा लवलेश नव्हता. उलट ते जरा हसलेच, लहान मुलाची समजूत काढावी तसे.

"तू काय गं," ते म्हणाले, "तू चांगलंच सांगशील." आणि कोट तसाच हातावर टाकून काकूंच्या दाराशी उभे राहिले.