दाण्यांची चोरी

माझी पत्नी वारली आणि आमच्या मुलीने खाणं सोडलं. ती दोन वर्षांची होती. तिला आजोळी नेताना जऊळक्याच्या फलाटावर शेजारी एक बाई तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. तिने नखाने शेंगा उकलून मुलीपुढे पळसाच्या पानावर ठेवल्या.

"दाणे काढ माय, पन खाऊ नोको. माह्ये हायेत."

मुलगी दाणे काढू लागली. बाईने मुद्दाम रुळांकडे तोंड फिरवलं. मुलीने एक दाणा हळूच तोंडात टाकला. मी टक लावून बघत राहिलो.

"भाऊ, तुमीबी तिकडं पाहा," बाई पुटपुटली. "असे पाहून राह्यले, तं चोर खाईन कसा?"

गाडी आली तेव्हा पानावर एकही दाणा नव्हता.

"कोनं खाल्ले वं?" बाईने डोळे वटारले. मुलगी हसली.

आजोळहून मी तिला परत घेऊन आलो. आता घरात आम्ही दोघं आहोत, आणि दोघंही जेवतो.