पोचवणी जातीचा कुत्रा

कुणाच्याही फाटकाशी आला की मामा कडी दोनदा वाजवायचा आणि मनात पाचपर्यंत मोजायचा. तीनच्या आत भुंकणं ऐकू आलं तर हातातला कार्डांचा गठ्ठा छातीशी धरायचा. पाचपर्यंत काहीच ऐकू आलं नाही तर आणखी जपून आत शिरायचा, कारण गप्प राहणाऱ्यांचा भरवसा नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायचा तेव्हाही तेच. आमच्याकडे साधं मांजरही नव्हतं. आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "ये रे बाबा, इथं कुणी चावत नाही!"

मामा पाणीखात्यात मीटर वाचायचा. पाण्याचा मीटर जमिनीत, लोखंडी झाकणाखाली असतो. आकडीनं झाकण उचलायचं, गुडघे टेकायचे, फडक्यानं काच पुसायची आणि वाकून आकडे वाचायचे. अशा वेळी मागे कोण येऊन उभं राहिलंय ते दिसत नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात असंच कुणीतरी मागून येऊन त्याची पोटरी धरली. सात टाके पडले. तेव्हापासून कुत्रा नुसता दिसला तरी त्याच्या तळहातांना घाम सुटायचा. हे मामी आणि आई सोडून कुणाला माहीत नव्हतं.

प्रत्येक घराचं एक जाड कार्ड असे आणि त्याच्या तळाशी रकाना होता: 'कुत्रा असल्यास जात.' पहिल्या महिन्यात मामानं तो कोरा सोडला, तर हेडक्लार्कनं अख्खा गठ्ठा परत पाठवला. "रकाना आहे म्हणजे भरायचा." आता ज्या कुत्र्यांच्या आईबापांचा पत्ता नाही त्यांची जात काय लिहिणार? दोन दिवस मामा पेन्सिल चावत बसला. मग त्यानं जाती पाडायला सुरुवात केली.

'अर्धजांभई. भुंकायला तोंड उघडते, मधेच जांभई येते. खुशाल आत जावे.'

'सासुरवाशीण. दर भुंकण्याआधी घरातल्यांकडे बघते. कुणी बघत नसल्यास भुंकत नाही.'

'छत्रीवैरी. माणसाशी भांडण नाही. छत्री फाटकाबाहेर ठेवावी.'

'झाकणबैठकी. मीटरच्या झाकणावरच बसते, उठत नाही. झाकणासकट उचलावी लागते. दोन माणसे न्यावीत.'

जातींची नावं मनची होती, पण लक्षण एकही खोटं नव्हतं. घाबरलेला माणूस नीट बघतो, आणि मामा फार नीट बघायचा. तो रजेवर असला की बदलीवर जाणारे आधी हा रकाना वाचायचे. त्याच्या भागात कुणाला कुत्रा चावल्याचं पुन्हा ऐकू आलं नाही. हेडक्लार्क खूश होता, कारण रकाने भरलेले होते. कुत्र्यांच्या जाती किती असतात हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं?

निवृत्तीआधी चारेक वर्षं मामाच्या भागात एका गल्लीच्या टोकाला एक शिवणकामवाल्या बाई राहायला आल्या. एकट्याच. गुडघे गेलेले, त्यामुळे गिऱ्हाइकाला सोडायला दारापर्यंतही त्यांना येववत नसे. ते काम त्यांचा तपकिरी कुत्रा करायचा. मामा पहिल्यांदा मीटर वाचून निघाला तेव्हा त्यानं पाठीमागून येऊन हळूच विजारीचा काठ तोंडात धरला. मामानं गठ्ठा छातीशी धरला. कुत्रा ओढत नव्हता, गुरगुरत नव्हता, फक्त धरून बरोबरीनं चालत होता. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला, विजार सोडली आणि मामाच्या तोंडाकडे बघत बसला. मामा हलला की तोही हलायचा. शेवटी बाईच खिडकीतून ओरडल्या, "भाऊ, 'येतो' म्हणा! त्याशिवाय नाही फिरायचा तो."

"येतो," मामा म्हणाला. कुत्रा उठला आणि घरी गेला.

त्या दिवशी कार्डावर नोंद झाली: 'पोचवणी. निघणाऱ्यास विजारीला धरून कोपऱ्यापर्यंत नेते.'

मामाच्या निवृत्तीला दोन महिने राहिले असताना खात्यात नवे साहेब आले आणि सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढली. साहेब तरुण होते, कष्टाळू होते आणि सगळं वाचायचे. 'विजारीला धरून नेते' हे वाचून ते हादरले. जात यादीत नाही, म्हणजे अनोळखी. अनोळखी आणि माणसाला धरते, म्हणजे धोकादायक. त्यांनी प्राणीविभागाला कळवलं. बाईंच्या दारावर नोटीस लागली: मीटरच्या कार्डावरील नोंदीनुसार आठ दिवसांत कुत्रा नेण्यात येईल.

मामा मीटर वाचायला गेला तेव्हा बाईंनी मशीन थांबवलं आणि नोटीस पुढे केली. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लिहिलंत ना? मग तुम्हीच खोडा."

घरी मामीनं कपाळाला हात लावला. "अहो, एकतीस वर्षांत एक शेरा नाही तुमच्या नावावर! आता जाता जाता सांगणार का, की सगळ्या जाती माझ्या डोक्यातल्या?"

"मग काय सांगू?"

"सांगा, ऐकीव माहिती होती म्हणून."

"ऐकीव कुठली? मीच तर बघितलंय सगळं."

सकाळी मामीनं त्याचा चांगला शर्ट इस्त्री करून ठेवला.

साहेबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे पोचवणी नावाची जातच नाही?"

"नाही साहेब."

"आणि ही सासुरवाशीण?"

"तीही नाही. पण कुत्री आहे. पाण्याच्या टाकीमागचं तिसरं घर. आपण जाऊन बघू शकता."

"तुम्ही एकतीस वर्षं सरकारी कार्डावर थट्टा करत होता?"

"थट्टा नाही साहेब," मामा म्हणाला. "मला कुत्र्यांची भीती वाटते."

असं उत्तर साहेबांना अपेक्षित नसावं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मामाला घेऊन ते स्वतःच बाईंच्या घरी निघाले.

पुढचं अख्ख्या गल्लीनं पाहिलं. साहेब बाईंशी दोन शब्द बोलून निघाले, तोच कुत्र्यानं येऊन त्यांच्या कडक इस्त्रीच्या पँटचा काठ धरला. साहेब ताठ झाले. मामा मागून म्हणाला, "चालत राहा साहेब. तो आपल्या चालीनं येतो." दोघं कोपऱ्यापर्यंत गेले. कुत्रा बसला. साहेबांनी "जा" म्हणून पाहिलं, "हट" म्हणून पाहिलं. कुत्रा त्यांच्याकडे बघतच राहिला. गॅलरीतून कुणीतरी हसलं. मग साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "येतो."

नोटीस मागे घेतली गेली. मामाला मात्र लेखी ताकीद मिळाली: 'कार्यालयीन नोंदीत काल्पनिक मजकूर लिहिल्याबद्दल.' एकतीस वर्षांतला एकुलता एक शेरा. निरोपसमारंभाला साहेब आले नाहीत, पण झाकणबैठकीचं जुनं कार्ड त्यांनी आठवण म्हणून मामाकडे पाठवलं. मामीनं ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं.

तीन वर्षांनी बाई बहिणीकडे राहायला गेल्या. चौथा मजला, कुत्र्याला मनाई. त्यांनी मामालाच निरोप पाठवला. मामा आणायला गेला तेव्हा त्यानं कडी दोनदा वाजवली आणि पाचपर्यंत मोजलं, हे मी स्वतः पाहिलं. तळहात विजारीला पुसले आणि मगच पट्टा हातात घेतला.

गेल्या महिन्यातल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. दुपारी निघताना म्हाताऱ्या कुत्र्यानं नेहमीसारखा माझ्या ओढणीचा काठ धरला. मामा खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. त्याला अलीकडे दम लागायचा, म्हणून उठला नाही. चारच दिवसांनी मामा गेल्याचा मामीचा फोन यायचा होता, पण तेव्हा ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी फाटकाशी पोचले तेवढ्यात त्यानं मागून हाक मारली.

"कोपऱ्यावर 'येते' म्हण हं. मागच्या वेळी विसरलीस, तर संध्याकाळपर्यंत तिथंच बसला होता."